सफरचंदावरचं मेण

लोकांना दुसऱ्याच्या पगाराचा हेवा वाटतो, घराचा वाटतो, काहींना दुसऱ्याच्या बायकोचाही वाटतो म्हणे. मला एका निळ्या सफरचंदाचा वाटला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझं नाव भास्कर. सिडनीच्या ब्लॅकटाउनला येऊन मला एकवीस वर्षं झाली. त्याआधी मी आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये होतो, आणि इथे आल्यावरही हातातली स्प्रे गन सुटली नाही. एका गॅरेजात ठोकलेल्या गाड्या सरळ करून रंगवत राहिलो. तीन वर्षांपूर्वी गुडघे आणि डायबेटिस या दोघांनी संगनमत करून मला घरी बसवलं. तेव्हापासून माझ्या नावावर जगात एकच गोष्ट उरली होती. टॉफी ॲपल.

आमची सिडनीतली भीमजयंती एप्रिलमध्ये येते, म्हणजे इथल्या पानगळीत. तिकडे ऊन रणरणत असतं, इकडे आम्ही निळ्या फेट्यांवर स्वेटर चढवून हॉलमध्ये जमतो. २००६ सालच्या जयंतीला भाषणं इतकी लांबली की पोरं खुर्च्यांखाली लोळायला लागली. पुढच्या आठवड्यात ईस्टरच्या जत्रेत मी टॉफी ॲपल पाहिलं. काडीला खोचलेल्या सफरचंदाच्या अंगावर लालभडक पाक, काचेसारखा. मी ते हातात फिरवून बघितलं आणि म्हटलं, अरे, हे तर पेंटिंगचंच काम आहे! वाकडा पृष्ठभाग, एकच कोट, कुठे ओघळ येता कामा नये. महिनाभराने बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला तीस सफरचंदं घेऊन गेलो, आणि त्या दिवसापासून भास्कर वाघमारे मेला आणि ॲपलकाका जन्माला आला.

त्यानंतर दर जयंतीला दाराजवळचं टेबल माझं. कोणाला कसं आवडतं हे मला तोंडपाठ होतं. सचिव किरण, चाळिशी उलटली तरी सगळ्यात जाड पाकाचं मागायचा, दात पडले तरी चालतील म्हणायचा. मेधाला पातळ कोट आणि आतून आंबट. तिच्या जुळ्या मुलींपैकी एकीला वर तीळ हवेत, दुसरीला तीळ दिसले तरी रडू यायचं. काही पोरं नुसता पाक फोडून खायची आणि सफरचंद आईच्या पर्समध्ये टाकायची. माझं स्वतःचं मत विचाराल तर सफरचंद ग्रॅनी स्मिथच पाहिजे, हिरवं, कडक, आंबट. गोड सफरचंदावर गोड पाक चढवणं म्हणजे जेवण झालेल्याला पुन्हा जेवायला बसवणं. मला स्वतःला ते खायला बंदी होती, तो भाग वेगळा. शोभा, माझी बायको, हिला सफरचंदाशी काही देणंघेणं नव्हतं. तळाशी पाकाची जी चकती जमते ना, तेवढी तोडून ती चहाबरोबर खायची.

पृष्ठभागाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं तिथेच अडतं. दुकानातली सफरचंदं चकचकीत दिसतात ती मेणामुळे. मेणावर पाक टिकत नाही. वरून ओतला की दोन मिनिटं छान दिसतो आणि मग हळूहळू खाली उतरतो, सैल पायजम्यासारखा. म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून, खरखरीत फडक्याने एकेक सफरचंद घासायचं, बोट फिरवलं की करकर वाजेपर्यंत.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. आकुर्डीला चंद्रहास नावाचा फोरमन होता. पहिल्या दिवशी त्याने मला आडनाव विचारलं, आणि त्यानंतर ना कधी काही विचारलं, ना सांगितलं. माझ्या हातच्या पत्र्यांवर रंग फुटायचा, बारीक गोल खळगे पडायचे. त्याला आम्ही माशाचे डोळे म्हणायचो. सहा महिने माझा माल परत येत होता, सहा महिने मी बोलणी खात होतो. शेवटी संडासच्या खिडकीतून मला दिसलं की बाकीचे सगळे रंगाआधी पत्रा थिनरने पुसून घेतात. पत्र्यावर तेलाचा हात असतो, तो काढायचा असतो. चंद्रहास हे सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगायचा. पत्रा चांगला उतरला की गड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "रंग धरलाय." माझ्या पाठीवर ती थाप कधी पडली नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही.

तर २०२० चा मार्च. हॉल बंद झाला, शाळा बंद, हॅरिस पार्कची देशी हॉटेलं बंद. त्या हॉटेलांत भांडी घासून, डिलिव्हरी करून जगणारी आपली पोरं, स्टुडंट व्हिसावरची, एका रात्रीत बेकार झाली. आमच्या कमिटीने ठरवलं की यंदा जयंतीचा कार्यक्रम झूमवर, आणि कार्यक्रमाच्या सामानातून चाळीस पोरांना किराणाच्या पिशव्या. तांदूळ, डाळ, तेल, मसाला. आणि जयंती आहे म्हणून प्रत्येक पिशवीत एक टॉफी ॲपल. मी ताबडतोब साखरेची पोती कुठे मिळतील याच्या चौकशीला लागलो, कारण सुपरमार्केटातून लोकांनी साखरसुद्धा पळवली होती.

दोन दिवसांनी किरणचा फोन आला.

"काका, जयभीम. एक बोलायचं होतं. यंदा तुम्ही रेस्ट घ्या."

"कसली रेस्ट?"

"अहो, तुम्ही साठच्या वर, त्यात डायबेटिस. डॉक्टर लोक सांगतायत ना, घरातच राहा म्हणून. ॲपलचं काम करुणा करतेय. ती स्वतःहून म्हणाली. तुम्ही फक्त गाइड करा तिला, नो वरीज."

करुणा म्हणजे आमच्यातली नवीन मुलगी. येरवड्याची, इथे कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. वर्षभरापूर्वी आली होती आणि एव्हाना कमिटीत, बायकांच्या गटात, पोरांच्या क्लासमध्ये, सगळीकडे हीच. हुशार होती, बोलायला गोड होती, कामाला वाघीण होती. तिच्यात नावं ठेवण्यासारखं काहीच नव्हतं आणि तेवढंच मला पुरेसं होतं.

"करू दे की," मी शोभाला म्हणालो. "मला काय. मी मोकळा झालो."

"हो, दिसतंय," शोभा म्हणाली. मी तेव्हा रिकामं पातेलं घासत होतो.

शनिवारी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. करुणाने नमुन्याचं एक सफरचंद करून पाहिलं होतं. पांढऱ्या बशीत, खिडकीच्या उजेडात ठेवलेलं. आणि ते निळं होतं.

गडद, झळझळीत निळं. आमच्या झेंड्याचं निळं. तिने पाकात आधी पांढरा रंग घातला होता, म्हणून खालचा हिरवा दिसत नव्हता आणि वरचा निळा खणखणीत उठला होता. पेंटर म्हणून सांगतो, ते डोकं होतं. खाली तिने लिहिलं होतं, "जयंतीचं सफरचंद निळं नको का? 💙"

मी तो फोटो किती वेळ बघत बसलो ते सांगत नाही. चौदा वर्षं. निळे झेंडे, निळे फेटे, निळा बॅनर, त्या सगळ्या निळाईच्या मधोमध चौदा वर्षं मी लाल सफरचंदं मांडून बसलो होतो. उभ्या आयुष्यात शेकडो गाड्या निळ्या केल्या. निळ्याच्या सतरा छटा मला डोळे मिटून मिसळता येतात. आणि हे मला सुचलं नाही! एका येरवड्याच्या टेस्टर पोरीला वर्षभरात सुचलं.

खाली लोकांचं सुरू झालं. वाह. क्या बात. ग्रेट आयडिया करुणा. मेधाने लिहिलं, "इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही!" हा 'कोणाच्या' मला बरोबर लागला. माझ्या पोटात जी आग पडली ती कुठल्याही इन्सुलिनने विझणारी नव्हती. मी अंगठा टाकला नाही, हृदय टाकलं नाही. शोभाने मात्र माझ्यासमोर बसून सहा निळी हृदयं टाकली.

"निळ्या पाकाने जीभ निळी होते," मी म्हणालो.

"लाल पाकाने लाल होत होती," ती म्हणाली.

त्याच दुपारी करुणाचा फोन आला.

"जयभीम काका. फोटो बघितला? कसं वाटलं?"

"बरं आहे."

"काका, एक प्रॉब्लेम आहे. फोटो काढला तेव्हा परफेक्ट होतं, पण अर्ध्या तासात सगळा पाक खाली आला. खाली नुसतं डबकं झालं. तुमचं कधी असं होत नाही. मी काय चुकवतेय?"

मेण. एक शब्द. तीन सेकंदांचं काम होतं. जिभेच्या टोकावर आला होता तो शब्द, शप्पथ सांगतो. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या फोटोखालची हृदयं ओळीने उभी होती.

"पाक कच्चा राहत असेल," मी म्हणालो. "अजून कडक कर."

"दीडशे डिग्रीपर्यंत नेते मी, थर्मामीटर लावून."

"थर्मामीटरने कुठे पाक कळतो का? हाताला कळला पाहिजे."

"खरंय," ती बिचारी म्हणाली. "तुमचा चौदा वर्षांचा हात आहे."

गुरुवारी पुन्हा मेसेज आला. पाक कडक केला, थोडा जळका वास येतोय, तरी घसरतोच आहे. मी लिहिलं, साखर बदलून बघ. ती साखर शोधत तीन सुपरमार्केट फिरली, तोंडाला मास्क लावून, असं मला नंतर कळलं.

तेरा तारखेला, सोमवारी, संध्याकाळी पाचला ती तिसऱ्यांदा आली, व्हिडिओ कॉलवर. मागे टेबलभर निळी सफरचंदं दिसत होती, चाळीसेक. केस विस्कटलेले, बोटं निळी.

"काका, केली सगळी. आत्ता तरी ठीक दिसतायत. पण भीती वाटतेय. सकाळी आठला वाटायला घ्यायची आहेत. तोपर्यंत टिकायला काय करू?"

शोभा तेव्हा बाहेर अंगणात कपडे काढायला गेली होती. हे मी का सांगतोय ते पुढे कळेल.

"फ्रीजमध्ये ठेव," मी म्हणालो.

टॉफी ॲपल करणाऱ्या कोणालाही विचारा. फ्रीज म्हणजे टॉफीचा काळ. आतल्या ओलीने पाक घाम धरतो, आणि बाहेर काढला की वितळायलाच लागतो. दोनदा मी सांगायचं ते सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी सांगू नये ते सांगितलं. या दोन गोष्टींत फरक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.

"थँक यू काका," ती म्हणाली. "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं."

चौदाला सकाळी आमच्या दारात पिशवी होती. चाळीसांतली नव्हे, एक्केचाळिसावी. वर चिठ्ठी, "ॲपलकाकांना आणि काकूंना, जयंतीच्या शुभेच्छा." मी पिशवी किचनमध्ये नेली आणि शोभा आंघोळीला गेल्याचं बघून उघडली. सफरचंद अर्धं उघडं पडलं होतं. निळा पाक ओघळून कागदाला चिकटला होता, बुडाशी ओला गोळा झाला होता, आणि वरचा हिरवा भाग पाटी पुसल्यासारखा डागाळलेला.

मला आनंद झाला. लपवत नाही. सणासुदीला व्हावा तसा आनंद झाला. मी गुणगुणत चहा ठेवला.

संध्याकाळी सहाला झूमवर साठेक चौकोन जमले. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, मागे सोफे आणि फ्रीज. किरणने स्क्रीनवर बॅनर लावला होता, वर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत "शिका". वंदना झाली. लहान पोरांनी इंग्रजीतून भाषणं केली. मग किरण म्हणाला की आता स्टुडंट्सपैकी कोणीतरी बोला.

स्वप्निल नावाचा मुलगा बोलला. हॅरिस पार्कला एका फ्लॅटमध्ये पाच जण राहतात त्यांच्यातला. पिशवीबद्दल आभार मानले, डाळ आठवडाभर पुरेल म्हणाला. मग हसून म्हणाला, "आणि ॲपलकाका, सॉरी हां, पण यंदा तुमचा रंग उतरला. सगळं कागदाला चिकटलं. आम्ही कागद चाटून खाल्ला!"

साठ चौकोन हसले. त्या पोराला माहीतच नव्हतं. टॉफी ॲपल म्हणजे ॲपलकाका, एवढंच त्याला ठाऊक. चौदा वर्षांनी माझं नाव त्या सफरचंदावर असं चिकटलं होतं की दुसऱ्याने केलं तरी माझंच. आणि ते आता बुडाशी ओघळलेलं. मी घाईघाईने माइक चालू केला. आपलं नाव तरी सोडवून घ्यावं म्हणून तोंड उघडलं, पण माझ्याआधी करुणा बोलली.

"स्वप्निल, काकांचं नाही रे, ते माझं. काका घरी आहेत यंदा. सॉरी सगळ्यांना." तिचा आवाज जड होता. "काकांनी मला तीन-तीनदा नीट सांगितलं होतं. पाक कडक कर म्हणाले, साखर बदल म्हणाले, ते केलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेव म्हणाले, तेही केलं. काकांचं काही चुकलं नाही. माझाच हात कच्चा."

"फ्रीजमध्ये?" शोभा म्हणाली.

ती माझ्या शेजारी बसली होती आणि आमचा माइक चालू होता. ते साठी चौकोनांना ऐकू गेलं.

"फ्रीजमध्ये ठेवायला कोणी सांगितलं गं?"

"काकांनी, काकू. काल संध्याकाळी."

शोभा वळून माझ्याकडे बघायला लागली. मी स्क्रीनकडे बघत राहिलो, पण स्क्रीनवरही तीच होती, माझ्याकडे बघणारी.

"आणि मेण?" तिने विचारलं. अजून माझ्याकडेच बघत होती. "मेण काढलंस ना सफरचंदांचं?"

"कसलं मेण?" करुणा म्हणाली.

कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"वरचं मेण, पोरी," शोभा म्हणाली. "गरम पाण्यात टाकून घासायचं असतं. त्याशिवाय पाक बसतच नाही. चौदा वर्षं मीच घासतेय. आदल्या दिवशी साठ-साठ सफरचंदं. बघ, हे मनगट त्याचंच आहे." तिने हात वर केला. मनगटाला ती दर एप्रिलला बांधते तो पट्टा होता. यंदा तिने काही घासलं नव्हतं, तरी थंडीने दुखतं म्हणून बांधला होता.

चौदा वर्षं तो पट्टा माझ्या घरात होता. टेबलावर मी बसायचो, ॲपलकाका मी होतो, आणि सफरचंदं घासणारी ही आत किचनमध्ये. माझी जागा एका मुलीने पळवली म्हणून मी आठवडाभर जळत होतो. त्या जागेत अर्धी जागा कोणाची होती, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

आणि समोर बॅनरवर तो शब्द, शिका. मला चंद्रहास आठवला. सहा महिने पत्र्यावरचं तेल माझ्यापासून लपवणारा चंद्रहास. त्याला मी किती शिव्या घातल्या असतील आयुष्यात, किती जयंत्यांना स्टेजवर उभं राहून ती गोष्ट सांगितली असेल, की आपल्याला असं अडाणी ठेवतात बघा. पण चंद्रहास नुसता गप्प बसला होता. खोटं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

"काका?" करुणा म्हणाली. "तुम्हाला मेणाचं माहीत नव्हतं?"

तिने मला पळवाट दिली होती. खरंच दिली होती, त्या वेळीसुद्धा. नव्हतं म्हटलं असतं तर शोभाने कदाचित घरी मला फाडून खाल्लं असतं, पण चारचौघांत गप्प बसली असती.

"माहीत होतं," मी म्हणालो. "तू तीनदा विचारलंस. मी सांगितलं नाही. फ्रीजने बिघडतं हेही माहीत होतं."

"पण का?"

"निळा रंग तुला सुचला म्हणून."

साठीच्या माणसाने साठ माणसांपुढे हे वाक्य बोलून बघावं. करुणाचा चौकोन काळा झाला. किरण खाकरला आणि म्हणाला की आता आपण मेधाताईंच्या मुलींचं गाणं ऐकूया.

शोभा मला काही बोलली नाही. तीन दिवस बोलली नाही. भाजी टेबलावर ठेवायची आणि तिचं ताट घेऊन टीव्हीपुढे बसायची. मी करुणाला चार फोन केले, तिने उचलले नाहीत. मेसेज टाकला, "चुकलो. माफ कर." दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. निळ्या रंगाने माझ्याशी वैरच धरलं होतं.

महिना संपता संपता एका दुपारी फोन वाजला आणि स्क्रीनवर तिचं नाव. मी धडपडत उचलला.

"हॅलो करुणा, बेटा, हे बघ..."

"काकू आहेत का?"

मी फोन शोभाला दिला. ती तो स्पीकरवर टाकून कणीक मळायला लागली, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसलो. बुद्धपौर्णिमेला करुणाला पुन्हा चाळीस सफरचंदं करायची होती, त्याच पोरांसाठी. शोभा तिला पहिल्यापासून सगळं सांगत होती. पाणी किती उकळायचं, फडकं कसलं, काडी कधी खोचायची.

"आणि पाकात चमचाभर व्हिनेगर टाक," ती म्हणाली. "म्हणजे साखर दाणेदार होत नाही, काचेसारखी राहते."

मी पेपर खाली ठेवला. व्हिनेगर? माझ्या पाकात व्हिनेगर नव्हतं. माझा पाक माझ्या हातामुळे काचेसारखा होत होता.

"काका घालतात?" करुणाने विचारलं.

"त्यांना कुठे माहितीये," शोभा म्हणाली. "ते काड्या आणायला वळले की मी घालते."

दोघी हसल्या. खूप दिवसांनी घरात कोणी हसत होतं आणि ते माझ्यावर होतं. मला त्या हसण्याचाही हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

फोन ठेवल्यावर शोभा दारात आली, हाताला पीठ. "सफरचंदं उद्या येतील आपल्याकडे. मेण इथून काढून द्यायचं ठरलंय."

"आपण?"

"तुम्ही," ती म्हणाली.

चाळीस सफरचंदं म्हणजे किती असतात ते घासल्याशिवाय कळत नाही. दहाव्याला बोटांची सालं निघायला लागली, पंचविसाव्याला मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. शोभा येऊन एकेकावर बोट फिरवून बघायची आणि करकर वाजलं नाही तर परत पाण्यात टाकायची. सात परत आली. आकुर्डीनंतर माझा माल परत यायची ही पहिलीच वेळ. संध्याकाळी तिने ड्रॉवरमधून तो पट्टा काढून माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी करुणा न्यायला आली. जाळीच्या दाराबाहेर, चार पावलं लांब, तोंडाला मास्क. मी खोका पायरीवर ठेवला आणि मागे सरकलो.

"जयभीम," ती म्हणाली. काका म्हणाली नाही.

"जयभीम. बघून घे, नीट निघालंय का."

तिने एक सफरचंद उचललं आणि अंगठा फिरवला. करकर वाजलं. दुसरं उचललं. मग तिसरं. तीनही तपासून तिने मान हलवली, खोका उचलला आणि गाडीकडे गेली. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. का बोलावं तिने?

पौर्णिमेला ग्रुपवर फोटो आला. चाळीस निळी सफरचंदं, आठ-आठच्या पाच ओळी. मी चष्मा लावला आणि एकेक मोठं करून बघितलं. मी काय शोधत होतो ते तुम्हाला सांगायला नको. ओघळ नव्हता. खळगा नव्हता. एकही माशाचा डोळा नव्हता. कोट इतका एकसारखा बसला होता की प्रत्येक सफरचंदावर तिच्या किचनची खिडकी दिसत होती, चाळीस वेळा.

खाली अभिनंदनाचा पाऊस. करुणाने लिहिलं होतं, "गुरू: शोभाकाकू." स्वप्निलने लिहिलं, "या वेळी कागदावर काहीच शिल्लक नाही!! थँक्स ॲपलताई." त्याखाली लगेच मेधाने, किरणने, सगळ्यांनी. ॲपलताई. ॲपलताई. ॲपलताई. पाच मिनिटांत माझं बारसं दुसऱ्या कोणाच्या तरी नावे होऊन गेलं.

जळलो. अजून जळतोय. जळणं असं एका सफरचंदाने थांबत नाही. मी मोबाईल टेबलावर उलटा ठेवला, मनगटावरचा पट्टा घट्ट केला, आणि थोड्या वेळाने मोबाईल पुन्हा उचलला. ग्रुपवर मी चौदा एप्रिलनंतर एक अक्षर लिहिलं नव्हतं. सगळे वाचणार होते, तीही.

बोट दुखत होतं, म्हणून टाइप करायला वेळ लागला. मी लिहिलं, "रंग धरलाय."